आधी विश्वास : वाचकांचा जाहीरनामा

लहानपणी घरात, शाळेत, वसतिगृहात किंवा नात्यातल्या माणसाकडून अत्याचार सोसलेली माणसं मोठेपणी लिहायला बसतात, आणि ते पुस्तक शेवटी आमच्या हातात येतं. आम्ही म्हणजे वाचक. वाचनालयाची वर्गणी भरणारे, पानाच्या कडेला पेन्सिलीने शेरे मारणारे, दिवाळी अंकात परीक्षणं लिहिणारे, चार मैत्रिणी जमल्या की नव्या पुस्तकावर तावातावाने बोलणारे. अशा पुस्तकांना आपल्याकडे आजवर जी उत्तरं मिळत आली, ती आम्हाला मंजूर नाहीत. ती बदलायची म्हणून आम्ही एकत्र आलो आहोत.

ती उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत. ‘आता कशाला उकरून काढायचं?’ ‘तेव्हाच का नाही बोलली?’ ‘आईला कळलं नसेल का?’ ‘तो माणूस तसा वाटत नाही हो.’ ‘मार काय आम्ही नाही खाल्ला? म्हणून तर घडलो.’ ‘घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला?’ साहित्याच्या बैठकीत हेच जरा इस्त्री करून येतं : ‘अनुभव अस्सल आहे, पण त्याचं साहित्य झालेलं नाही.’ वाक्य कुठलंही घ्या, त्याचा मतलब एकच निघतो : गप्प बस.

लेखिका हे ऐकत नसते. ती कुठेतरी लांब असते. ऐकत असतं ते त्याच खोलीतलं कुणीतरी. जेवणाच्या ताटावर काका सहज म्हणतात, ‘प्रसिद्धीसाठी लिहितात हो हे सगळं,’ आणि समोर बसलेली बारा वर्षांची पोरगी भात कालवता कालवता थांबते. या घरात कुणाला सांगायचं नाही, हे तिला त्या क्षणी कळलेलं असतं. कधी तिथे बारा वर्षांची पोर नसते, साठीची आजी असते, आणि तिलाही तेच पुन्हा एकदा कळतं. पुस्तकावरचं मत हे नुसतं पुस्तकावरचं मत नसतं, तर ऐकणाऱ्याला दिलेला इशारा असतो. आमची चळवळ या एका जाणिवेवर उभी आहे.

किती घरांत असं कुणी बसलेलं असेल? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालअत्याचारांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यं, १२,४४७ मुलं. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. लैंगिक अत्याचाराचा एखादा तरी प्रकार सोसल्याचं ५३.२२ टक्के मुलांनी सांगितलं, आणि त्यांत मुलगे मुलींहून थोडे जास्तच निघाले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी त्याआधी कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता. या आकड्यांशेजारी ठेवून पाहिलं, तर आत्मकथन लिहिणारी बाई किंवा पुरुष विरळा वाटतो तो सोसण्यामुळे नव्हे. सोसणारे अनेक आहेत, सांगणारे थोडे आहेत.

वाचकाच्या हातात काय असतं ते सांगायला आम्ही फ्रान्सचं उदाहरण देतो, कारण तिथे ते लख्ख दिसलं.

गाब्रिएल मात्सनेफ हा पॅरिसचा नावाजलेला लेखक. कोवळ्या वयाच्या मुलामुलींशी आपण शरीरसंबंध ठेवतो, हे त्याने कधी लपवलं नाही. १९७४ पासून तो ते उघड लिहीत होता, आणि मोठमोठे प्रकाशक ते छापत होते. १९९० च्या मार्चमध्ये ‘आपोस्त्रोफ’ या पुस्तकांवरच्या गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याला बोलावलं. सूत्रसंचालक गालातल्या गालात हसत त्याच्या ‘आवडीं’विषयी विचारत होता, आजूबाजूचे पाहुणे लेखक हसत होते. दनीझ बोंबार्दिए ही क्वेबेकहून आलेली लेखिका तेवढी हसली नाही. तिने तिथेच, त्याच्या तोंडावर, हे अत्याचार आहेत असं सांगितलं. नंतर पॅरिसच्या साहित्यवर्तुळाने त्याला नाही, तिलाच झोडपलं. ती मागासलेली, तिला साहित्य कळत नाही, वगैरे. २०१३ साली मात्सनेफला रनोदो पुरस्कार मिळाला, निबंधासाठी.

या सगळ्या काळात एक बाई ती पुस्तकं दुकानात मांडलेली बघत होती. व्हानेसा स्प्रिंगोरा. १९८६ मध्ये ती चौदा वर्षांची होती आणि हा माणूस पन्नाशीला टेकलेला. तिची गोष्ट फ्रेंच वाचकांनी आधीच वाचलेली होती, पण त्याच्या पुस्तकात, त्याच्या तोंडून. तिची त्या वयातली पत्रंही त्याने छापली होती. तीस वर्षं वाचक तिला वाचत होते आणि एकालाही प्रश्न पडला नाही की ही मुलगी आज कुठे असेल, तिला काय म्हणायचं असेल. त्या दिवसांत ती एमिल सिओराँ या तत्त्वज्ञाकडे रडत गेली होती. त्याने तिची समजूत घातली : एवढ्या मोठ्या लेखकाने तुला निवडलं हे तुझं भाग्य, त्याला सांभाळून घ्यायला हवं. हे तिने पुढे तिच्या पुस्तकात लिहिलं आहे. आपल्या घरातल्या थोरामोठ्यांचं ‘सांभाळून घे गं’ आम्हाला इथे जसंच्या तसं ऐकू येतं.

‘ल काँसाँतमाँ’ (म्हणजे ‘संमती’) हे तिचं पुस्तक २ जानेवारी २०२० रोजी आलं. या वेळी वाचक वेगळे वागले. त्यांनी तिला ‘तेव्हाच का नाही’ विचारलं नाही, स्वतःला विचारलं की आपण तेव्हा काय वाचत होतो. आठवडाभरात गालिमार या प्रकाशनसंस्थेने मात्सनेफच्या रोजनिशीचे खंड विक्रीतून काढून घेतले. सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली. वर्षभराने, जानेवारी २०२१ मध्ये, कामीय कुश्नेर हिने ‘ला फामिलिया ग्रांद’ लिहिलं : आपल्या जुळ्या भावावर सावत्र वडिलांनी केलेल्या अत्याचारांविषयी, आणि माहीत असून गप्प राहिलेल्या प्रतिष्ठित गोतावळ्याविषयी. काही दिवसांत हजारो लोकांनी स्वतःच्या घरातल्या गोष्टी उघड सांगायला सुरुवात केली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नवा कायदा झाला : पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या ‘संमती’ची सबब प्रौढाला सांगता येणार नाही, आणि घरातल्या माणसाच्या बाबतीत ही मर्यादा अठरा. सरकारने नेमलेल्या आयोगापुढे सुमारे तीस हजार लोकांनी आपलं सांगितलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालाच्या नावातच ‘आमचा तुमच्यावर विश्वास आहे’ हे शब्द होते.

१९९० आणि २०२० या दोन्ही वेळी पुस्तकं होती, वाचक होते, तोच लेखक होता. तेव्हा वाचक हसले आणि तीस वर्षं काही हललं नाही. नंतर त्यांनी विश्वास ठेवला आणि सव्वा वर्षात कायदा बदलला. म्हणून वाचकाने ‘आपल्या हातात काय आहे’ म्हणून खांदे उडवलेले आम्ही चालवून घेणार नाही.

आता आपल्या फळीवरची पुस्तकं. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली ‘ग्रंथाली’ने काढलं. तमाशात नाचणाऱ्या बाईचा हा मुलगा, आईचं नाव लावणारा. आई दूर गेल्यावर आजोळी वाढला, आणि ते वाढणं म्हणजे मार, उपास आणि घरभर राबणं. त्यातून तो मुंबईत शिकून डॉक्टर झाला. पुस्तक खूप वाचलं गेलं, आणि बऱ्याच जणांनी ते शेवटाकडून वाचलं : ‘चिखलातून कमळ!’ ‘परिस्थितीवर मात!’ सत्कार झाले, कौतुक झालं. पण एका पोराला पोटभर जेवण न देता राबवणाऱ्या घराबद्दल, आणि मुलींच्या कमाईवर घरातल्या पुरुषांना बसून खाऊ घालणाऱ्या रीतीबद्दल चर्चा किती झाली? अशाच घरातली जी पोरं डॉक्टर झाली नाहीत, त्यांनी सोसलेलं काय कमी खरं होतं? यशाच्या चौकटीत बसवलं की वाचणाऱ्याला हायसं वाटतं, आणि लिहिणाऱ्याने जे सांगितलं ते बाजूला पडतं. आम्ही अशी पुस्तकं यशोगाथा म्हणून वाचणार नाही.

दुसरं एक वाचन तर त्याहून जुनं आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तलं वडिलांचं सोवळ्याचं वेड आठवून मराठी माणूस आजही मनापासून हसतो. लक्ष्मीबाईंनी स्वतःच ते हसत सांगितलं, हे खरं. तो त्यांचा अधिकार. पण त्या अतिरेकात घरातल्या बाईचे आणि लेकरांचे जे हाल झाले, तेही त्यांनी त्याच पानांवर लिहून ठेवलं आहे. लेखिका हसते म्हणून दुखलं नाही, असा निकाल वाचकाने देऊ नये.

आणि मुलगे. ‘पोराला काय होतंय?’ या तीन शब्दांखाली किती आयुष्यं दबली असतील याचा हिशेब कुणाकडे नाही. पुरुषाने लहानपणच्या लैंगिक अत्याचाराविषयी लिहिलं की वाचकांच्या बैठकीत आधी अवघडलेली शांतता पसरते, मग कुणीतरी विषय बदलतं. विषय बदलू न देणं हे आम्ही आमचं पहिलं काम मानतो.

‘पण खोटं असलं तर?’ हा प्रश्न आमच्यातही निघाला आणि त्यावर पुष्कळ बोलणं झालं. आमचं मत असं ठरलं : वाचक न्यायाधीश नाही. आम्ही विश्वास ठेवला म्हणून कुणी तुरुंगात जात नाही, त्यासाठी कोर्ट आहे, पुरावे आहेत, वकील आहेत. पण आम्ही अविश्वास दाखवला तर तो थेट एखाद्या मुलापर्यंत पोचतो. तपशील चुकला, वर्ष मागेपुढे झालं, भिंतीचा रंग दोन ठिकाणी वेगळा लिहिला, म्हणून सगळं पुस्तक बनावट ठरवणाऱ्या परीक्षकांनी एवढं ध्यानात घ्यावं की भेदरलेल्या मुलाची आठवण रोजकीर्दीसारखी लिहिलेली नसते. आणि ‘एवढा सज्जन माणूस’ हा पुरावा तर मुळीच धरू नका. मडगावात मुलांसाठी आश्रम चालवून मान मिळवलेल्या एका माणसाला १९९६ साली त्याच मुलांवरच्या अत्याचारांबद्दल जन्मठेप झाली. त्यानंतर गोव्याने २००३ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध साऱ्या देशासाठी झालेल्या पॉक्सो कायद्याआधी नऊ वर्षं.

‘तेव्हाच का नाही बोलली’ याला अमेरिकन लेखिका माया अँजेलो यांच्या आयुष्यात जे उत्तर आहे, त्याहून पुरेसं उत्तर आम्हाला माहीत नाही. सात-आठ वर्षांच्या असताना आईच्या मित्राने त्यांच्यावर बलात्कार केला. मुलगी बोलली. माणूस दोषी ठरला, पण सुटून बाहेर आला आणि लवकरच त्याचा खून झाला. आपल्या बोलण्याने माणूस मेला, असं त्या पोरीच्या मनाने घेतलं, आणि ती सुमारे पाच वर्षं जवळजवळ मुकी झाली. आर्कान्सामधल्या स्टॅम्प्स या गावात मिसेस फ्लॉवर्स नावाच्या बाईंनी तिला घरी नेलं, पुस्तकं दिली, आणि ती मोठ्याने वाचायला सांगितलं. तोंडातून शब्द पुन्हा निघाले ते वाचताना. पुढे १९६९ साली त्यांनी हे सगळं ‘आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज’मध्ये लिहिलं. आणि मग अमेरिकेतल्या पालकांनी ते शाळांतून, ग्रंथालयांतून काढून टाका म्हणून तक्रारी केल्या, इतक्या की १९९० च्या दशकात सर्वांत जास्त आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत ते तिसरं होतं. मुलांवर वाईट परिणाम होईल, हे कारण. आठ वर्षांच्या मुलीवर जे घडू शकतं, ते पंधरा वर्षांच्या मुलीने वाचू नये?

आमचं म्हणणं असं की वयात येणाऱ्या मुलांना ही पुस्तकं मिळाली पाहिजेत, जवळ बोलायला समजूतदार मोठं माणूस असेल अशा तऱ्हेने मिळाली पाहिजेत, आणि कुणावर लादली जाता कामा नयेत. ज्याने स्वतः सोसलं आहे त्याला पुस्तक अर्ध्यावर मिटून ठेवायचा, किंवा मुळीच न उघडायचा पूर्ण हक्क आहे. ‘वाचून बघ, बरं वाटेल’ असा आग्रह आम्ही करणार नाही.

आम्ही शब्द देतो तो असा. लेखकाने जेवढं सांगितलं त्यापलीकडे आम्ही खोदून विचारणार नाही. ‘नेमकं काय केलं त्याने?’ हा प्रश्न आमच्या कुठल्याही बैठकीत विचारला जाणार नाही, आणि कुणी विचारलाच तर बैठक चालवणारे त्याला तिथेच थांबवतील. नाव बदललेल्या पात्रामागचा खरा माणूस कोण, याचा अंदाज बांधत बसणार नाही. ‘माफ करून टाक, मन हलकं होईल’ हा सल्ला देणार नाही. माफी द्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पुस्तकातल्या आईला आम्ही आरोपीच्या आधी पिंजऱ्यात उभं करणार नाही. तिला कळलं होतं का, कळून ती का गप्प बसली, तिला जायला दुसरं घर होतं का, हे प्रश्न गंभीर आहेत. पण ‘आई कसली ती!’ म्हणताना ज्याने अत्याचार केला तो बोलण्यातून अलगद निसटून जातो, असं आम्ही वारंवार पाहिलं आहे. आणि पुस्तक लेखन म्हणून फसलं असेल तर तेही सांगू, कारण सोसलेल्या माणसाला लेखक म्हणून वागवणं हाही आदरच आहे. मात्र लेखनाचा दोष अनुभवाच्या खरेपणावर ढकलणार नाही.

या कामासाठी वाचनालयासारखी दुसरी जागा नाही. रत्नागिरीत १८२८ साली वाचनालय उभं राहिलं, तेव्हापासून मराठी मुलखात गावोगावी ही घरं आहेत. पत्र्याच्या कपाटांची, दोन खोल्यांची, वर्गणी थकलेली, अनुदानाची वाट पाहणारी. पण दार उघडं असतं, आणि तिथे पोरीबाळी येऊन बसल्या तर ‘कशाला आलीस’ असं कुणी विचारत नाही. सर्वांत छोट्या, ‘ड’ वर्गातल्या वाचनालयालाही आमचा आग्रह आहे की अशा पुस्तकांसाठी एक फळी ठेवा, ती ग्रंथपालांच्या टेबलामागे कुलपात ठेवू नका, आणि कोणी कोणतं पुस्तक नेलं हे गावात बोलू नका. देवघेवीच्या वहीतली नोंद ही विश्वासाने दिलेली गोष्ट आहे. एखाद्या मुलीने अशा विषयाचं पुस्तक नेल्याचं संध्याकाळी तिच्या काकांच्या कानावर गेलं, तर ती पुन्हा वाचनालयाची पायरी चढणार नाही.

ग्रंथपालांनी आणि बैठक चालवणाऱ्यांनी कायदाही जाणून घ्यावा. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. एखाद्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा पोलिसांना कळवणं त्याच्या कलम १९ प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाची ओळख उघड करायची नसते. मोठेपणी तक्रार करायची ठरवली तर या कायद्यात मुदतीची अडचण नाही, हे केंद्र सरकारने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. ‘आता उशीर झाला’ असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांच्यापर्यंत एवढं तरी पोचलं पाहिजे.

प्रकाशकांकडे आमची मागणी आहे. जगभरची अशी आत्मकथनं मराठीत आणा, पण मुखपृष्ठावर रडणारी पोर आणि पाठीमागे ‘हादरवून टाकणारी सत्यकथा’ असं छापून ती विकू नका. पिंकी विराणी या मुंबईच्या पत्रकार बाईंनी २००० साली ‘बिटर चॉकलेट’मध्ये देशातल्या मुलांवरच्या अत्याचारांबरोबर स्वतःच्या लहानपणाविषयीही लिहिलं, तेव्हा पॉक्सो यायला बारा वर्षं होती. त्या तोडीचं धाडस करणाऱ्या मराठी लेखकाला अब्रुनुकसानीच्या धमकीची नोटीस आली, तर प्रकाशकाने त्याला एकटं सोडू नये. साहित्य संमेलनांत या लेखकांना ‘वंचितांचे आवाज’ अशा एका परिसंवादात कोंबून मोकळं होऊ नका. त्यांना कवितेवर बोलू द्या, भाषेवर बोलू द्या, त्यांना हवं त्यावर बोलू द्या.

चळवळीला वर्गणी नाही, पदाधिकारी नाहीत. तुमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातली एक संध्याकाळ मागून घ्या. पाच माणसं आली तरी पुरे. एक पुस्तक निवडा, त्यातली दोन-चार पानं मोठ्याने वाचा, आणि वाचल्यावर घाईने बोलू नका. बैठक संपल्यावर कुणी मागे रेंगाळलं, चपला घालायला उगाच वेळ लावू लागलं, तर तुम्हीही थांबा. ते काही बोलले तर ऐका, आणि पहिलं वाक्य ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ हे असू द्या. नाही बोलले तर पुढच्या महिन्याची तारीख सांगा.

आणि समोरचं माणूस मूल असेल, आजही त्या घरात राहत असेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर रात्रंदिवस फुकट लागतो. १९९६ साली तो मुंबईतच सुरू झाला. तो मोठ्या अक्षरांत लिहून तुमच्या वाचनालयाच्या दारावर, मुलांना दिसेल इतक्या उंचीवर, आजच लावा.